कौतिकेची तेरवी

"खोली पाहिजे का गाणं?"

दार उघडल्याबरोबर त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी अकोल्याहून रायपूरला बदलून आलेली विमा कार्यालयातली बाई. सकाळपासून ब्राह्मणपाऱ्यातल्या बोळाबोळांतून खोल्या पाहत फिरले होते, पाय दुखत होते, आणि दारात बनियनवर उभा असलेला हा उंच, वाळका म्हातारा मला गाणं हवंय का विचारत होता. मी जरा तोऱ्यातच सांगितलं, खोली. "मंग वर जाऊन पाहून घे. गाणं पाहिजे असतं तर बसा लागलं असतं," एवढं बोलून ते आत गेले. खोली चांगली होती, खिडकीतून देवळाचा कळस दिसत होता आणि नळाला पाणी होतं. मी हो म्हटलं. त्या प्रश्नाचा अर्थ पुढे आठवडाभराने लागला.

त्यांच्याकडे खरोखरच दोन तऱ्हेची माणसं येत. एक खोली विचारणारी आणि दुसरी गाणं मागणारी. कुणाकडे हळद असे, कुणाला देवीच्या नवरात्रासाठी काही नवं हवं असे, कुणाच्या साड्यांच्या दुकानासाठी ऑटोवरच्या भोंग्यातून वाजवायचं काहीतरी. घरमालकांना मी काका म्हणायची; काका सगळ्यांना लिहून देत. फक्त स्वतःच्या नावाने कधीच नाही.

काका रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू होते. मी राहायला गेले तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. काकू मी यायच्या आधीच गेलेल्या, त्यांना मी फोटोतच पाहिलं. एकुलता एक मुलगा हैदराबादला, तिथेच त्याचं लग्न, तिथेच संसार. तेव्हा घरात खाली काका एकटे आणि वर मी. पण काकांना एकटं म्हणणं हा त्यांचा अपमान असे. "एकटा कुठं? भरलेलं घर आहे," ते म्हणत.

भरलेलं म्हणजे नावांनी. गाण्यागणिक त्यांनी वेगळं नाव घेतलं होतं आणि नुसतं नाव घेऊन भागवलं नव्हतं, त्या नावाचा माणूसच घरात आणून बसवला होता. भजनं लिहिणारा दास निवांत. हिंदी-उर्दू लिहिणारा बेखबर. छत्तीसगढी होळीगीतं लिहिणारा भोलवा. दुकानांच्या जाहिराती लिहिणारा पी. कुमार. आणि बायकांची गाणी लिहिणारी कौतिका. रोज सकाळी ऑफिसला निघताना मी जिन्यावरूनच विचारायची, आज खाली कोण आहे? ते उत्तर द्यायचे आणि त्यावरून माझा दिवस ठरायचा. बेखबर असला की चहात साखर नसायची आणि मला मोहतरमा म्हटलं जायचं, जे मला अजिबात खपत नसे. दास निवांत असला की मांजराने दुधाच्या पातेल्यात तोंड घातलं तरी ते नुसते बघत बसत. भोलवा दिवसभर बाहेरच्या पायरीवर बसून भाजीवाल्यांशी गप्पा मारी आणि कशालाही हव, म्हणजे हो, म्हणे. मी नळ गळतोय सांगितलं तरी हव, खोली सोडते सांगितलं तरी हव. पी. कुमार मात्र शर्ट खोचून बसे आणि गिऱ्हाइकाशी कडाकडा भांडे.

पहिल्या महिन्यात मला हे सगळं नाटकी वाटलं. सरळ सांगायचं तर डोक्यात जायचं. माणसाने टोपणनाव घ्यावं, पण टोपणनावाला साखर चालते की नाही हे कशाला ठरवावं? एकदा मी त्यांना तोंडावर विचारलं, की काका, इतकं चांगलं लिहिता, मग स्वतःचं नाव काहून नाही घालत? तेव्हा त्यांनी मला बिल्टीची गोष्ट सांगितली.

नोकरीत असताना त्यांनी गणपतीत एक कविता म्हटली होती, खऱ्या नावाने. दुसऱ्या दिवसापासून मालधक्क्यावर वाहवा सुरू झाली. डाळीचे व्यापारी येत, सिमेंटवाले येत, काकांच्या कवितेच्या ओळी म्हणून दाखवत आणि तिसऱ्या वाक्याला खिशातून बिल्टी, म्हणजे मालाची रेल्वेची पावती, काढत. बाबूजी, क्या लिखते हैं आप, और हाँ, हमारा माल कब छूटेगा? एकाने तर कविता ऐकलीच नव्हती, तो दुसऱ्याच कुणाची तरी ओळ म्हणून गेला. काकांनी त्याचा माल सोडला, पण कविता त्यांच्या मनातून उतरली. घरी येऊन ते काकूंना म्हणाले होते, आता मले कसं समजावं, वाहवा कवितेची आहे का बिल्टीची? त्या दिवसापासून त्यांनी खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर वापरलं.

"आपलं नाव असलं का लोक आपलं तोंड पाह्यतात," ते मला म्हणाले. "दुसऱ्याचं असलं का गाणं आयकतात."

गाणी पोचवायची त्यांची एक खास जागा होती, गुढियारीतली भजनमंडळी. रेल्वेत आणि गोदामांत कामाला आलेल्या आपल्या विदर्भातल्या लोकांची मंडळी, बाया आणि पुरुष दोन्ही, दर गुरुवारी संध्याकाळी बसणारी. काका तिथे पायी जात. मी दोनदा स्कूटरवर सोडायला तयार झाले, दोन्ही वेळा त्यांनी नको म्हटलं, कारण वाटेत दास निवांत शेवटच्या ओळी जुळवत असे. तिसऱ्या वेळी मीही त्यांच्यासोबत पायी गेले आणि मग जायचीच सवय लागली.

त्या मंडळीत एक रीत आहे जी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. भजनाच्या शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव येतं, ते तर सगळीकडेच. पण इथे ती नावाची ओळ आली की खंजिरी थांबते, टाळ थांबतात, पेटीसुद्धा थांबते. नुसता गळा. आणि नाव उच्चारताना बसलेला प्रत्येक जण स्वतःच्या कानाची पाळी धरतो. मोठ्यांचं नाव घेताना धरतात तशी. लहान पोरं, म्हाताऱ्या, नुकती येऊन दारात चप्पल काढणारी बाई, सगळ्यांचे हात कानाला. मग पुन्हा खंजिरी कडाडते. मला पहिल्यांदा हसू आलं होतं, कारण सगळे कान धरून ज्या दास निवांतला मान देत होते तो समोर मांडी घालून बसला होता आणि स्वतःही कान धरून होता. मंडळीला सगळं ठाऊक होतं. ही सारी नावं बाबूजींचीच, म्हणजे काकांचीच, आहेत हे त्यांच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण बाबूजींना त्याबद्दल काही बोलायचं नाही, हीसुद्धा तिथली रीतच झाली होती.

कुणी गाणं आवडलं म्हणून सांगायला आलं की काका मान हलवत आणि म्हणत, "सांगतो त्याले." दास निवांतचं कौतुक असो की बेखबरचं, उत्तर तेच. पी. कुमारची एक जाहिरात साऱ्या बाजारात गाजली तेव्हा दुकानदार पेढे घेऊन आला, तर काकांनी पेढे ठेवून घेतले आणि म्हटलं, सांगतो त्याले, आत्ता बाहेर गेला आहे. पुढे जाहिराती लिहायचा कंटाळा आला तेव्हा त्यांनी पी. कुमारची भिलाईला बदली झाल्याचं जाहीर केलं. गिऱ्हाइकं भिलाईचा पत्ता मागत आणि काका तोंड वाकडं न करता सांगत, की तो कुठं टिकत नाही, पत्ता देऊन उपयोग नाही.

फक्त कौतिकेचं कौतुक झालं की ते हे वाक्य बोलत नसत. मंडळीतल्या बाया तिच्या गाण्यांवर जीव टाकायच्या. ती गाणीच तशी होती. त्यांत देव असायचा, पण चुलीपाशी. एका भजनाची सुरुवात मला अजून पाठ आहे:

चूल पेटता पेटेना, ओल्या लाकडाचा धूर
माह्या डोळ्यांतलं पाणी, तुले वाटे भक्तीचा पूर

बाया हसून हसून डोळे पुसायच्या. कुणीतरी म्हणायची, बाबूजी, कौतिकेनं काय लिहून ठेवलं हो. यावर काका उठायचे आणि माठातलं पाणी प्यायला जायचे. घरीही तेच. मी एकदा म्हणून गेले, की तुमच्या सगळ्या मंडळीत मला कौतिकाच आवडते, तर ते अर्धा चहा तसाच ठेवून माठाकडे गेले. मला वाटलं, बाईच्या नावाने लिहिलेलं आहे, लाजत असतील. पुरुष माणूस बाईच्या मनातलं इतकं नेमकं लिहितो याचं मला नवल वाटायचं आणि थोडा रागही यायचा, की याला कसं कळतं?

या मंडळीतल्या मुख्य गाणाऱ्या म्हणजे मावशी. रेल्वेतल्या खलाशाची विधवा, आवाज असा की पेटीची गरज नाही. मावशींना कुणाची भीड नव्हती. एका गुरुवारी काकांनी कौतिकेचं नवं भजन आणलं. मावशींनी चाल लावली, गायलं, नावाच्या ओळीला सगळ्यांनी कान धरला. गाणं संपल्यावर मावशींनी खंजिरी खाली ठेवली आणि सहज म्हणाल्या, "बाबूजी, राग नका मानू. कौतिका आताशा बाप्यासारखी लिहून राहिली."

बाप्या म्हणजे पुरुष. काही जण हसले. मीही हसले, कारण बोलणं खरं होतं. गेल्या काही भजनांत चूल होती, भात होता, पण तो कुणीतरी दुरून पाहिलेला भात होता. मला वाटलं काका चिडतील. ते चिडले नाहीत. हव म्हणाले, एकदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्यावरून विचारलं, आज कोण आहे? खालून उत्तर आलं, "कौतिका गेली."

मी विचारलं, बदलीवर? ते म्हणाले, नाही. वारली.

आता पी. कुमारला भिलाईला धाडणाऱ्या माणसाने असं म्हटल्यावर मी काय समजायचं? मी बरं म्हणून ऑफिसला गेले. संध्याकाळी परतले तर बोळाच्या तोंडाशी गर्दी. आमच्या चौकात देवळाच्या भिंतीला एक काळा फळा आहे, त्यावर पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कुणी वारलं की खडूने लिहितात. काकांनी आपल्या सुंदर अक्षरात लिहून ठेवलं होतं, की कौतिकाबाई यांचं निधन झालं आहे, तेरवी अमक्या दिवशी, राहत्या घरी. आणि खाली आमचा पत्ता. लोक पांढरे कपडे घालून भेटायला येत होते. काका दारात चटई टाकून बसले होते आणि सगळ्यांना पाणी देत होते. कोण होत्या हो, असं कुणी हिंदीतून विचारलं की ते शांतपणे सांगायचे, "हमारे यहाँ लिखती थीं।"

या एका वाक्याने पाऱ्यात जे व्हायचं ते झालं. दोन पक्ष पडले. एक म्हणे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. दुसरा म्हणे, डोकं शाबूत आहे, बाई ठेवली होती. समोरच्या औषधाच्या दुकानातले भैया पहिल्या पक्षातले होते, म्हणून त्यांनी मुलाला हैदराबादला फोन केला. दुसऱ्या पक्षातल्या कुणीतरी सुनेला केला. मुलगा तेरवीच्या दोन दिवस आधी विमानाने येऊन धडकला.

तो माझ्याच वयाचा. मराठी सगळं समजायचं, पण बोलायचा हिंदीतून. दहावीनंतर शिकायला बाहेर गेला तो परत राहायला आलाच नाही. वडील भजनं लिहितात एवढं त्याला माहीत होतं, नावांची भानगड नव्हती. त्याने मला गच्चीवर गाठलं आणि विचारलं, की ही कौतिका कोण. मी त्याला सगळं सांगितलं. टोपणनावं, दास निवांत, बेखबर, भिलाईची बदली, सगळं. वाटलं होतं ऐकून त्याला बरं वाटेल.

"दीदी," तो म्हणाला, "पेन नेम की तेरहवीं कौन करता है?"

खरं तर मलाही तोच प्रश्न पडला होता. बदली ही गंमत झाली, पण आचाऱ्याला सांगून, मंडप घालून, पन्नास माणसांना जेवायला बोलावणं? तो बिचारा घाबरला होता. त्याच्या एका मित्राच्या वडिलांचं असंच झालं होतं. आधी नसलेल्या माणसांशी बोलायला लागले, मग घराचा रस्ता विसरले. तो म्हणाला, एकट्याला इथे ठेवणं शक्य नाही, हैदराबादला घेऊन जाईन, घर बंद करू, पुढे विकू. मग ओशाळून म्हणाला, तुम्हालाही खोली बघावी लागेल. मला माझ्या खोलीची काळजी वाटलीच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त काळजी वाटली ती काकांना त्याच्या हैदराबादच्या बाराव्या मजल्यावरच्या घरात बसवल्यावर दास निवांत कुठे जाईल याची.

दुसऱ्या दिवशी तो त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. काकांनी हट्टाने मलाही सोबत घेतलं. डॉक्टर चांगले होते, शांतपणे हिंदीत विचारत होते. नाव विचारलं, काकांनी खरं सांगितलं. वार विचारला, बरोबर सांगितला. शंभरातून सात वजा करत जा म्हटलं, तर मालधक्क्यावरच्या बाबूला त्यात काय अवघड. मुलाचा चेहरा जरा खुलला. मग डॉक्टरांनी विचारलं, घर में कौन-कौन है?

मी मनातल्या मनात म्हटलं, काका, आज तरी एकटा म्हणा.

"अभी तीन हैं," काका म्हणाले. "एक का ट्रान्सफर हो गया. एक नहीं रही."

मुलाने डोकं हातात धरलं. डॉक्टरांनी स्कॅन लिहून दिला आणि मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, की तूर्त एकटं ठेवू नका. घरी आल्यावर तो बॅग काढून काकांचे कपडे भरायला लागला. तेरवी रद्द करतो म्हणाला, आचाऱ्याला फोन करायला निघाला. तेव्हा काका पहिल्यांदा उभे राहिले आणि त्यांनी त्याच्या हातातला फोन धरला.

"तेरवी होऊ दे," ते म्हणाले. "मंग तू म्हनशील तिथं येतो. घर ईक, मी सही करतो. पन एवढी तेरवी होऊ दे."

आवाजात विनवणी होती. या माणसाला मी भांडताना पाहिलं होतं, ऐटीत पाहिलं होतं, मांजराकडे स्थितप्रज्ञासारखं बघतानाही पाहिलं होतं, पण काही मागताना कधी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं. मुलाने फोन खिशात ठेवला आणि कपडे भरायचं मात्र चालू ठेवलं.

तेरवीला गुढियारीची मंडळी झाडून आली. वरण, भात, पुऱ्या, वडे, कोहळ्याची भाजी, कढी. पाऱ्यातले दोन्ही पक्ष जेवायला होते, कारण जेवणाबाबत कुणाचा मतभेद नव्हता. मुलगा वाढत होता, पण यंत्रासारखा, कुणाकडे न बघता. मांडवात एका पाटावर समई लावली होती. फोटो नव्हता. कौतिकेचा फोटो कुठून असणार, असं मी मनाशी म्हटलं.

जेवणं झाल्यावर काका मावशींना म्हणाले, चुलीचं म्हणा. मावशींनी खंजिरी उचलली. ओल्या लाकडाचा धूर झाला, बाया हसल्या. मुलगा मागे ताटं उचलत होता. चाल ऐकून तो थबकला. मग दुसरं कडवं आलं:

लेक निजला मुठीत धरून पदराचा शेव
कशी उठू मी पूजेले, इथंच बसंल माहा देव

त्याच्या हातातली ताटं हळूच खाली आली. तो मांडवात पुढे आला आणि गाणं चालू असतानाच वडिलांना म्हणाला, "ये तो आई गुनगुनाती थी। रसोई में।"

मावशी थांबल्या. खंजिरी थांबली.

"मैं सोता था ऐसे," तो म्हणाला. "पल्लू पकड़ के। ये आपने कब लिखा?"

"मी कुठं लिहिलं," काका म्हणाले. "हे तुह्या आईचं आहे. कौतिका म्हणजे तुही आई."

काकांनी मग जे सांगितलं ते समईकडे बघत सांगितलं, कुणा एकाला उद्देशून नाही. काकू लग्नाआधीपासून लिहायच्या. काकांच्या कवितेचं बिल्टीने जे केलं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणाल्या, मालबाबूची बायको लिहिते म्हटल्यावर बाया मलेही वाहवा देतील अन् नवऱ्याच्या मालाचं सांगतील. मले तसली वाहवा नको. तुमच्या नावांत माझं एक नाव घालून टाका. काकांनी घातलं. मंडळीला वाटत राहिलं की हेही बाबूजींचंच. काकू गुरुवारी यायच्या, मागे भिंतीला टेकून बसायच्या.

"नावाची ओळ आली का सगळ्यांसंग थे बी कान धरे," काका म्हणाले. "सोताच्याच नावाले. अन् खाली मान घालून हासे."

काकू गेल्या तेव्हा मंडळी आली होती, रीतीप्रमाणे सगळं झालं होतं. पण काकांना ते सहन झालं नाही, की कौतिकाही त्याच दिवशी संपली. म्हणून ते तिच्या नावाने लिहीत राहिले. वर्षानुवर्षं. चुलीपाशी बसून लिहिलं, तांदूळ निवडत लिहिलं. जमलं नाही. मला माझं त्यांच्यावर चिडणं आठवलं, याला बाईच्या मनातलं कसं कळतं म्हणून. त्यांना कळत नव्हतंच, हे मावशींनी एका वाक्यात ओळखलं होतं.

"मावशी बोलल्या तवा समजलं, थे गेली," काका मुलाकडे वळून म्हणाले. "तुह्या आईची तेरवी झाली थे मालबाबूच्या बायकोची झाली. कौतिकेची कोनं केली, सांग?"

मुलगा खाली बसला, तिथेच, खरकट्या ताटांशेजारी. मावशींनी डोळ्याला पदर लावला, मग नाक ओढून, जरा दरडावूनच विचारलं, "बाबूजी, आता शेवटच्या कडव्यात कोन्तं नाव घेऊ? वहिनीचं खरं घेऊ का?"

काकांनी मान हलवली. नको म्हणाले. ते नाव तिनं स्वतः घेतलं होतं, तेच राहू द्या.

पुन्हा खंजिरी सुरू झाली. शेवटच्या कडव्याला सगळी वाद्यं थांबली आणि मावशींचा एकटा आवाज उरला:

कौतिका म्हणे रे देवा, भात करपला आज
तुह्या नावात रमले, तुलेच येऊ दे लाज

सगळ्यांचे हात कानाला गेले. मंडळीचे, पाऱ्यातल्या दोन्ही पक्षांचे, औषधवाल्या भैयांचे. मुलाला ही रीत माहीत नव्हती. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि कढीने बरबटलेल्या हाताने स्वतःच्या कानाची पाळी धरली. गाणं संपलं, लोक उठले, तरी तो तशीच धरून बसला होता.

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला तो तेव्हा. काकांचा त्याही आधी उतरला असावा. त्या रात्री ते दहा वाजताच झोपले आणि त्यांचं घोरणं मला वर ऐकू येत होतं. सकाळी मी जिन्यावरून विचारलं, आज कोण आहे, तर खालून आवाज आला, "आज कोनी नाही. मीच आहे. चहा घे." चहात साखर भरपूर होती.

मुलाने भरलेली बॅग स्वतःच रिकामी केली. स्कॅन राहू द्या म्हणत होता, पण काकाच म्हणाले की नाही, करून घेऊ, बेखबरच्या डोक्याचं मलाही पाहायचं आहे. स्कॅन स्वच्छ निघाला. डॉक्टरांना मुलाने सगळी हकीकत सांगितली तेव्हा ते खूप हसले आणि म्हणाले, की तिघांनाही माझा नमस्कार सांगा. घर विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. मी आणखी काही वर्षं त्या खोलीत राहिले, मग माझी बदली झाली, यावेळी खरीखुरी, नागपूरला. काका अजून तिथेच आहेत. गुरुवारी गुढियारीला जातात, आता मात्र ऑटोने. कौतिकेच्या नावाने त्यांनी पुन्हा एक ओळही लिहिली नाही, आणि तिची जुनी भजनं मंडळी आता जास्त गाते.

पण त्यांचा विषय निघाला की मला दरवेळी आठवते ती मुलगा हैदराबादला परत निघाला ती सकाळ. बोळ अरुंद म्हणून टॅक्सी चौकातच उभी होती. त्याने बॅग खाली ठेवली, वडिलांच्या पाया पडला, दोन पावलं गेला आणि परत वळला. मग एकेक शब्द जुळवत, मी त्याच्या तोंडून कधी न ऐकलेल्या मराठीत म्हणाला, "बाबा, आईचं गाणं चांगलं आहे."

मी सवयीने माठाकडे पाहिलं. माठ दारातच होता, हाताच्या अंतरावर. काका जागचे हलले नाहीत.

"सांगतो तिले," ते म्हणाले.